पाकिटात मावणारी नियतकालिके : प्रस्तावना

स्वतःच्या हाताने लिहिलेली वा चितारलेली, टंकयंत्रावर, सायक्लोस्टाइलवर किंवा झेरॉक्सवर थोडक्या प्रतींत काढलेली, घडी घालून दोऱ्याने अगर पिनेने बांधलेली आणि दुकानात विक्रीला न ठेवता टपालाने एकमेकांकडे धाडलेली छोटी नियतकालिके आणि वह्या हा या ग्रंथाचा विषय आहे. साहित्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख झालाच तर मोठ्या लेखकांच्या उमेदवारीचा भाग म्हणून होतो, कलेच्या इतिहासात एखाद्या चळवळीचे उपांग म्हणून होतो, आणि मुद्रणाच्या इतिहासात बहुधा होतच नाही. कारण या तिन्ही अभ्यासांची नजर तयार वस्तूवर असते, आणि या नियतकालिकांचे मर्म त्यांच्या देवघेवीत आहे. अंकाची किंमत पैशात न मागता दुसऱ्याच्या अंकात मागायची, म्हणजे स्वतः काहीतरी करून पाठवल्याशिवाय वाचायला मिळायचे नाही, असा व्यवहार जिथे चालतो तिथे लेखक, संपादक, मुद्रक, बांधणीकार, वितरक आणि वाचक ही सारी कामे एकाच माणसाच्या वाट्याला येतात, आणि त्याचा परिणाम लेखनाच्या सुरावर, आकारावर आणि धाडसावरही होतो. पाकिटाचा आकार पानाचा आकार ठरवतो, तिकिटाचा दर पानांची संख्या ठरवतो, आणि उत्तर यायला लागणारे दिवस दोन अंकांमधले अंतर ठरवतात. टपालखाते हे या नियतकालिकांचे अबोल सहसंपादकच म्हणायला हवे.

म्हणूनच या क्षेत्राचा इतिहास स्वस्त टपालापासून सुरू करणे भाग आहे. ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनीचा एकसमान दर आला, हिंदुस्थानात १८५४ साली पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात, अंतर न पाहता, पोचवण्याची सोय झाली, १८७४ साली बर्नच्या करारातून पुढे जागतिक टपाल संघ म्हणून ओळखली गेलेली संघटना उभी राहिली आणि १८७६ साली हिंदुस्थान तिच्यात सामील झाला. याच सुमारास अमेरिकेत मुलांना परवडतील असे टेबलावर मावणारे छोटे हातछापखाने बाजारात आले आणि शाळकरी वयाच्या मुलांनी चार-आठ पानांची वर्तमानपत्रे छापून ती परगावच्या अनोळखी मुलांशी बदलायला सुरुवात केली. या हौशी पत्रकारांनी १८७६ साली फिलाडेल्फियात 'नॅशनल अॅमेच्युअर प्रेस असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. तिच्या धर्तीवर निघालेल्या 'युनायटेड' या दुसऱ्या संघटनेत १९१४ साली दाखल झालेला एच. पी. लव्हक्राफ्ट हा पुढे भयकथांचा लेखक म्हणून गाजला. त्याने १९१५ ते १९२३ या काळात 'द कॉन्झर्व्हेटिव्ह' नावाचे स्वतःचे नियतकालिक काढले, आणि त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक मैत्रीही टपालातूनच उभ्या राहिल्या.

विज्ञानकथांच्या वाचकांनी या प्रथेला तिचे सर्वांत काटेकोर रूप दिले. शिकागोत १९३० साली निघालेला 'द कॉमेट' हा त्यांच्यातला पहिला अंक मानला जातो. एखाद्या विषयाच्या चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेल्या अशा अंकाला पुढे फॅनझिन आणि नंतर नुसते झिन म्हणण्याची पद्धत पडली. १९३७ साली डोनाल्ड वॉलहाइम आणि जॉन मिशेल यांनी 'फँटसी अॅमेच्युअर प्रेस असोसिएशन', संक्षेपाने फापा, ही मंडळी जमवली. तिची पद्धत अशी होती की प्रत्येक सभासदाने आपल्या अंकाच्या सभासदसंख्येइतक्या प्रती काढून मध्यवर्ती संपादकाकडे पाठवायच्या, त्याने निवड किंवा काटछाट न करता सगळ्यांच्या अंकांचे गठ्ठे लावायचे आणि दर तीन महिन्यांनी एकेक गठ्ठा प्रत्येकाला रवाना करायचा. वर्षाकाठी किमान आठ पाने न देणाऱ्याचे सभासदत्व संपत असे, आणि त्याच्या जागेसाठी बाहेर प्रतीक्षायादी असे. लेखनाच्या क्षेत्रात इतकी समता फारच क्वचित पाहायला मिळते: कोणाचा मजकूर नाकारण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि न लिहिता नुसते वाचत बसण्याची मुभाही कोणाला नाही.

या मंडळींचे आरंभीचे बरेच अंक हेक्टोग्राफवर निघत. ग्लिसरीन घातलेले जिलेटिन उथळ थाळीत थिजवायचे, अॅनिलिन रंगाच्या शाईने लिहिलेला मूळ कागद त्याच्यावर पालथा दाबून काही मिनिटे ठेवायचा, तो अलगद सोलून काढायचा आणि मग जिलेटिनने ओढून घेतलेल्या शाईवर एकामागून एक कोरे कागद दाबून उचलायचे, असे हे तंत्र. प्रत्येक प्रतीबरोबर शाई फिकी होत जाते आणि साधारण ५० प्रतींनंतर अक्षर वाचवत नाही. फापाची सुरुवातीची सभासदसंख्याही ५० च होती आणि ती पुढे ६५ झाली. थाळीत मावणारी शाई आणि मंडळात मावणारी माणसे यांचे हे नाते ध्यानात घेतले म्हणजे तंत्राचा इतिहास आणि समूहाचा इतिहास वेगळे लिहिता येत नाहीत हे पटते. पुढे मेणकागदी स्टेन्सिल आली, टंकयंत्राची फीत बाजूला सारून उघड्या खिळ्यांनी तिच्यावर अक्षरे ठोकली जाऊ लागली, प्रतींची संख्या शेकड्यांत गेली, आणि त्याबरोबरच हे अंक मूळ मंडळाबाहेरही जाऊ लागले. जांभळ्या शाईचे जुने अंक आज उजेडात ठेवले तर पुसट होत जातात, त्यामुळे ते जपणाऱ्या ग्रंथालयांना ते अंधारात ठेवावे लागतात.

या नियमबद्ध प्रवाहाशेजारी चित्रकार आणि कवींचा एक मोकळा प्रवाह वाहत आला. वॉलेस बर्मन याने कॅलिफोर्नियात १९५५ ते १९६४ या काळात 'सेमिना' या नियतकालिकाचे नऊ अंक छोट्या हातछापखान्यावर स्वतः छापले. बहुतेक अंकांत बांधणीच नव्हती. जाड कागदाच्या खिशात कविता, छायाचित्रे आणि रेखाटने सुट्या पत्त्यांसारखी घातलेली असत आणि त्यांचा क्रम वाचणाऱ्याने लावायचा असे. हे अंक विकत मिळत नसत, बर्मनला ज्याला पाठवावेसे वाटे त्याला ते पोस्टाने येत. १९५७ साली लॉस एंजेलिसच्या एका प्रदर्शनात 'सेमिना'तलेच एक रेखाटन अश्लील ठरवून त्याला अटक आणि दंड झाला, तेव्हापासून त्याने व्यापारी कलादालनांकडे बव्हंशी पाठ फिरवली. ज्याचे नाव पाकिटावर आहे त्यालाच आपले काम दाखवण्याचा त्याचा निश्चय त्यानंतर अधिक पक्का झालेला दिसतो.

न्यूयॉर्कच्या रे जॉन्सनने (१९२७–१९९५) हीच गोष्ट आणखी पुढे नेली. त्याच्या पाकिटातून अर्धे चित्र आणि त्यात भर घालून ते अमक्याकडे पाठवा अशी सूचना येई, त्यामुळे पाठवणारा, मिळवणारा आणि पुढे धाडणारा असे सर्वच त्या चित्राचे कर्ते होत. 'अ बुक अबाउट डेथ' या १३ पानांच्या पुस्तकाची पाने त्याने १९६३ ते १९६५ या काळात सुटी सुटी टपालाने पाठवली, आणि ती सगळीच्या सगळी फार थोड्यांच्या हाती लागली. टपालालाच माध्यम मानणाऱ्या या कलेला मेल आर्ट म्हणतात. १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचे प्रदर्शन झाले, आणि त्याच वर्षी रिचर्ड कोस्टेलानेट्झ यांनी 'असेंब्लिंग' सुरू केले, ज्यात प्रत्येक निमंत्रिताने आपल्या चार पानांपर्यंतच्या मजकुराच्या १,००० प्रती स्वतः छापून पाठवायच्या आणि संपादकांनी त्या फक्त एकत्र बांधायच्या असा रिवाज होता. मेल आर्टच्या प्रदर्शनांनीही काही अलिखित नियम पाळले: प्रवेशशुल्क नाही, परीक्षक नाहीत, काम परत मिळणार नाही, आलेले सर्व काही मांडले जाईल आणि सहभागी झालेल्या प्रत्येकाला सूचिपत्र पोचेल. १९८४ साली न्यूयॉर्कच्या 'फ्रँकलिन फर्नेस' या कलासंस्थेतल्या प्रदर्शनात आलेल्या कामांची निवड करण्यात आली तेव्हा या मंडळींनी जो तीव्र निषेध केला तो रुसव्यापोटी नव्हता. निवड सुरू झाली की देवघेव संपते आणि स्पर्धा सुरू होते हे त्यांना नेमके कळले होते.

लॅटिन अमेरिकेत आणि पूर्व युरोपात या पाकिटांचे मोल आणखी वाढले. अर्जेंटिनात ला प्लाता येथे एदगार्दो आंतोनियो विगो यांनी 'दियागोनाल सेरो' आणि नंतर 'एक्सागोनो ७१' ही सुट्या पानांची, छिद्रे पाडलेली, लाकडी ठशांची नियतकालिके काढली. १९७६ च्या लष्करी उठावानंतर त्यांचा मुलगा 'बेपत्ता' झालेल्यांपैकी एक ठरला. ब्राझीलच्या रेसिफे शहरात पाउलो ब्रुस्की यांनी भरवलेले मेल आर्टचे प्रदर्शन १९७६ साली अधिकाऱ्यांनी बंद पाडले. उरुग्वेत क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबाल्यो यांना १९७७ साली तुरुंगात टाकण्यात आले, आणि त्यांच्या सुटकेसाठी निरनिराळ्या देशांतल्या मेल आर्टिस्टांनी पत्रांची मोहीम चालवली. ज्या जाळ्यात चित्रांची देवघेव चाले तेच जाळे दोन माणसांच्या जिवासाठी कामाला आले. पोलंडमध्ये पावेल पेताश यांनी १९७७ साली सुरू केलेल्या 'कॉमनप्रेस'चा प्रत्येक अंक वेगळ्या देशातला वेगळा सहभागी संपादित करी, म्हणून पोलंडमध्ये १९८१ च्या डिसेंबरात लष्करी कायदा आल्यावरही ते थांबले नाही. सोव्हिएत संघातले सामिझदात, म्हणजे कार्बन कागद लावून टंकित होऊन फिरणारे बंदी असलेले साहित्य, याच्याशी या प्रथेची तुलना अनेकदा केली जाते, परंतु त्यात एक मोठा फरक आहे: पाकिटे उघडली जातात हे माहीत असल्याने सामिझदात टपाल टाळून हातोहात जाई, तर मेल आर्टिस्टांनी उघडल्या जाणाऱ्या पाकिटाचाच उपयोग करून घेतला, आणि तपासनिसाला वाचता येईल पण पकडता येणार नाही अशी भाषा घडवली.

झेरॉक्स यंत्रे कचेऱ्यांतून रस्त्यावर आल्यानंतरचा काळ तुलनेने परिचित असल्याने त्याचा थोडक्यात निर्देश पुरे. लंडनमध्ये १९७६ साली मार्क पेरीने काढलेल्या 'स्निफिन ग्लू'पासून पंक संगीताच्या झिनांची लाट आली, अमेरिकेत १९८२ साली माइक गंडरलॉय यांनी सुरू केलेल्या 'फॅक्टशीट फाइव्ह'ने झिनांची परीक्षणे पत्त्यांसह छापून परस्परांना न ओळखणाऱ्या मंडळांना जोडले, आणि १९९१ च्या सुमारास रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीतल्या तरुणींनी घरातल्या आणि रस्त्यावरच्या ज्या गोष्टी अन्यत्र बोलता येत नव्हत्या त्या झिनांत लिहिल्या. या शेवटच्या गटाचे ऋण आजच्या प्रत्येक आत्मकथनपर झिनावर आहे.

फिरत्या वह्या हा चौथा प्रवाह, आणि हौशी हस्तकलाकारांमध्ये आज तोच सर्वाधिक रुजलेला आहे. ठरलेल्या क्रमातल्या आठ-दहा जणांपैकी प्रत्येकाने एकेक वही बांधायची, तिची पहिली दोन-चार पाने भरायची आणि ती पुढच्याकडे पाठवायची. प्रत्येक वही सर्वांच्या हातून फिरून, सर्वांची पाने घेऊन, अखेरीस आपल्या मूळ कर्त्याकडे परत येते. सॅन फ्रान्सिस्कोत २००० साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात १,००० कोऱ्या वह्या हातोहात फिरण्यासाठी जगात सोडून देण्यात आल्या. याच कुळातली पण आणखी छोटी वस्तू म्हणजे झ्यूरिखमध्ये १९९७ साली फान्ची श्टिर्नेमान यांनी प्रचारात आणलेले, खेळातल्या पत्त्याएवढे, फक्त अदलाबदलीसाठी केलेले चित्रपत्ते. वही फिरवायची तर ती तशी बांधावी लागते, आणि यात नवख्यांची फसगत ठरलेली असते. प्रत्येक पानावर कोणी ना कोणी चित्रे, कापडाचे तुकडे, तिकिटे चिकटवणार असल्याने वही भरता भरता तोंडाकडून फुगत जाते. म्हणून जुजबंदी, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुजांची शिलाई, करताना प्रत्येक जुजात दोन-तीन अरुंद पट्ट्या मधे शिवून घेतात, पुठ्ठ्याची पाठ कोऱ्या पानांच्या जाडीपेक्षा सैल ठेवतात, आणि दोरा मेणातून ओढून घेतात, म्हणजे तो वारंवार उघडमीट होऊनही पान कापत नाही. गव्हाच्या खळीने पान सुरेख बसते, पण दमट हवेत कसर आणि बुरशी येते, म्हणून कोकणातून वा मुंबईतून निघणाऱ्या वहीला ती पावसाळ्यात लावत नाहीत.

महाराष्ट्राकडे वळले असता या विषयाची सामग्री विपुल आणि तिचा अभ्यास एकांगी असल्याचे आढळते. शाळा-महाविद्यालयांतले हस्तलिखित, म्हणजे सुंदर अक्षरात एकच प्रत तयार करून वर्गावर्गांत फिरवला जाणारा अंक, ही इथली जुनी प्रथा आहे. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी रोजच्या रोज स्वतः लिहून काढलेले हस्तलिखित दैनिक हे तिचे सर्वांत हृद्य उदाहरण ठरते. एकाच प्रतीभोवती माणसे जमतात तिथे टपालाची गरज पडत नाही, त्यामुळे हस्तलिखिताची परंपरा आणि टपालाने जाणाऱ्या अंकाची परंपरा इथे दीर्घकाळ समांतर राहिल्या. त्यांना जवळ आणले ते सायक्लोस्टाइलने. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५० च्या दशकात काढलेले 'शब्द' सायक्लोस्टाइलवर निघत असे. अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू', तसेच 'वाचा', 'भारूड' अशा लघुअनियतकालिकांनी पुढच्या दोन दशकांत मराठी कवितेची आणि गद्याची दिशा बदलली. त्याच काळात अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांचे 'डॅम यू' (१९६५–६८) सायक्लोस्टाइलवर निघून परदेशांतल्या तशाच मासिकांच्या संपर्कात होते, बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर हे चित्रकार 'वृश्चिक' (१९६९–७३) चालवत होते, आणि बंगालमधल्या हंगरी पिढीच्या कवींनी तर मंत्री आणि अधिकाऱ्यांना राक्षसांचे नि विदूषकांचे कागदी मुखवटे पाठवून ते उतरवण्याचे आवाहन केले होते.

या सर्वांवर लिहिले गेले आहे आणि त्यातले काही उत्तमही आहे. परंतु मराठीत तो अभ्यास मुख्यतः मजकुराचा झाला. कविता संग्रहांत आल्या, भूमिका संकलनांत आल्या, आणि ज्या कागदांवर त्या प्रथम वाचल्या गेल्या ते कागद मागे राहिले. अंक किती जणांना गेला, कोणत्या गावांत गेला, बदल्यात कोणाचे काय आले, पाकिटावर पत्ते लिहायला कोण बसत असे, वर्गणी न देणाऱ्यालाही अंक का जात राहिला, हे प्रश्न किरकोळ समजून सोडून दिले गेले. वास्तविक सातारा, मालेगाव किंवा औरंगाबाद इथे बसलेल्या एखाद्या नवख्या कवीला मुंबईतला अंक नेमका कसा मिळाला हे कळल्याशिवाय ती चळवळ मुंबईबाहेर कशी पसरली हे सांगताच येणार नाही.

या विषयाची निकड आजच का, याचेही उत्तर टपालातच आहे. भारतीय टपालखात्याने पुस्तके आणि नियतकालिके स्वस्तात, नोंदणीसह पाठवण्याची रजिस्टर्ड बुकपोस्टची सोय २०२४ च्या डिसेंबरात बंद केली, आणि छोटे प्रकाशक नि अनियतकालिकांचे संपादक यांच्या खर्चाचे गणित एका दिवसात बदलले. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सीमाशुल्काच्या नव्या नियमांमुळे अमेरिकेकडे जाणारे भारतीय टपाल काही आठवडे थांबले. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या सरकारी मालकीच्या संस्थेने २०२५ च्या शेवटी पत्रे पोचवण्याचे कामच सोडले. एकसमान आणि स्वस्त टपाल ही पावणेदोनशे वर्षांची सार्वजनिक व्यवस्था आहे, ती कायमची गृहीत धरता येत नाही, आणि ती आक्रसली तर तिच्या आधाराने वाढलेले लेखन कोणत्या वाटेने जाईल हा प्रश्न आता तात्त्विक राहिलेला नाही. दुसरीकडे झिन करणाऱ्यांची संख्या रोडावलेली दिसत नाही. मुंबईत बॉम्बे अंडरग्राउंड या गटाने झिनांचे मेळावे भरवले आहेत, आणि एका ए-फोर कागदाचे घड्या घालून आठ भाग पाडले आणि मधोमध एक काप दिला की आठ पानांची पुस्तिका होते हे शिकवणाऱ्या कार्यशाळा शाळांतूनही होतात.

जतनाचाही प्रश्न मोठा आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाने या शतकाच्या आरंभी झिनांचा संग्रह उभारला आणि अन्य विद्यापीठेही त्या वाटेने गेली. परंतु जे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने चाळीस ओळखीच्या वाचकांसाठी लिहिले ते तिला न विचारता सर्व जगासमोर खुले करायचे का, याबद्दल ग्रंथपालांतच गंभीर चर्चा झाली असून त्यांनी त्यासाठी आचारसंहिताही तयार केली आहे. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका याबाबत ठाम आहे. मर्यादित वाचकांसाठी लिहिण्याचा हक्क हा लेखनस्वातंत्र्याचाच भाग आहे, म्हणून हयात व्यक्तींचे खाजगी अंक त्यांच्या संमतीशिवाय इथे उद्धृत केलेले नाहीत आणि कोणाचाही पत्ता दिलेला नाही.

ग्रंथाची मांडणी कालक्रमाने न करता देवघेवीच्या पद्धतींनुसार केली आहे, कारण एकाच वर्षी निघालेले दोन अंक वेगळ्या करारांनी बांधलेले असू शकतात, आणि शंभर वर्षांच्या अंतराने निघालेले दोन अंक एकाच करारात बसू शकतात. प्रत्येक पद्धतीबरोबर तिची कृतीही दिली आहे: कागदाची धारा, म्हणजे तंतूंची दिशा, कशी ओळखावी, तीन छिद्रांची शिलाई कुठून सुरू करून कुठे गाठ मारावी, वजनाच्या टप्प्यात बसवण्यासाठी किती पाने घ्यावीत, पाकिटात कडक पुठ्ठा कोणत्या बाजूला घालावा. ही माहिती परिशिष्टात न ढकलता विवेचनातच ठेवण्याचे कारण इतकेच की ज्याने एकदा तरी स्वतः अंक शिवून पाठवला आहे त्याला या इतिहासातले निर्णय आतून कळतात. चित्रे शक्य तिथे मूळ आकारात छापली आहेत, कारण 'सेमिना'चा पत्ता किंवा हेक्टोग्राफचे पान मोठे करून दाखवले की त्याचे हातात मावणे लोपते.

मराठी विभाग इतर विभागांपेक्षा लहान आहे आणि त्याचे कारण सामग्रीची विखुरलेली अवस्था हे आहे. अनियतकालिकांवर तारीख नसणे ही नित्याची बाब असल्याने पाकिटावरचा टपालशिक्का हाच पुष्कळदा अंकाच्या काळाचा आणि प्रवासाचा एकमेव पुरावा असतो. आणि नेमकी पाकिटेच अंक मिळताक्षणी टाकून दिली जातात, ग्रंथालयांतसुद्धा. ज्या वाचकांच्या घरी असे जुने अंक असतील त्यांनी ते पाकिटासह, सोबत आलेल्या चिठ्ठीसह आणि शक्य असल्यास बदल्यात आपण काय पाठवले होते याच्या नोंदीसह सांभाळावेत, आणि एखाद्या ग्रंथालयाला देताना हे सारे एकाच नोंदीखाली एकत्र ठेवण्याची अट घालावी.